गोड्या पाण्याची चौकशी

आम्ही सूरला राहतो. ओमानच्या पूर्व कडेला.
बहिणीला अजून वाटतं मी थट्टा करते.
गावाचं नाव सूर, आणि ऐकू काय येतं,
तर गलबतांच्या सुतारांची ठोकाठोक
आणि रात्रभर हेमकांतच्या प्लांटची घरघर.
सव्वीस वर्षं ते समुद्रातून मीठ बाजूला काढतात
आणि उरलेलं गाव पितं.

आता ग्रॅच्युइटी मिळेल, एकरकमी.
मी म्हटलं, चिपळूणचा फ्लॅट राहू दे,
दाढा राहू देत, तुमच्या आणि माझ्याही,
एकदा बेट बघू.
म्हणाले, इथे काय समुद्र कमी पडला?

नाही पडला. स्वयंपाकघरातून दिसतो, वाळत घातलेल्या टॉवेलांमागे.
पण त्यात तुम्ही नोकरीला आहात.
मला असा समुद्र हवा
ज्याचा फोन पहाटे साडेतीनला येत नाही.

मग मेथी निवडता निवडता लॅपटॉप.
सूर ते मस्कत गाडीने, मस्कत ते दोहा,
दोहा ते ऑकलंड सोळा तास
(पायांना सूज येते म्हणे, अन्नम्मा मोजे देणार आहे),
तिथून फिजी,
आणि शेवटी पाण्यावर उतरणारं विमान, चतुर्भुज बदकासारखं,
ज्यात माणशी पंधराच किलो.
हे वाचून मात्र हेमकांत खुलले:
चला, तुझं लोणचं परस्पर सुटलं.

बागेतली खोली, की पाण्यावरची?
एका रात्रीचा फरक मी बोटांवर मोजला.
तेवढ्यात आमचा इथला पहिला महिना निघाला होता,
भाडं, दूध, आणि शुक्रवारची फोनकार्डं धरून.
पाण्यावरच्या खोलीला काचेची जमीन आहे.
पायाखालून मासा गेला
तर मला चहा घशाखाली उतरेल का,
याची मी गंभीरपणे काळजी केली.

फॉर्मने विचारलं: प्रसंग कोणता?
मधुचंद्र. वाढदिवस. लग्नाचा वाढदिवस. इतर.
किती वेळ बाण 'इतर'वर ठेवून बसले होते.
मेथी संपली, देठांचा ढीग झाला.

हेमकांतना वेगळंच पडलं होतं.
पिण्याचं पाणी कुठून आणतात?
फोटो मोठा केला, अजून मोठा,
माड, आडवी पडलेली गोरी माणसं, निळा तलाव,
आणि माडांच्या मागे, कुणी बघू नये अशा जागी,
एक करडं पत्र्याचं छप्पर.
बोट ठेवून म्हणाले, हे बघ. हे आपलं.

त्यांनी पत्र लिहिलं. रिसॉर्टला. इंजिनियर म्हणून.
क्षमता किती, उरलेलं खारं पाणी कुठे सोडता,
प्रवाळाला त्रास होत नाही ना.
मी कपाळाला हात लावला. आता पैसे देऊनही घेणार नाहीत आपल्याला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं, कुणा वाइसाकेचं.
दिवसाला दोनशे घनमीटर, सर.
दोन नंबरचा पंप पहाटे कुरकुरतो.
याल तेव्हा ऐकाल का?

जो माणूस कांदे दोन दुकानांत विचारून घेतो
त्याने त्या रात्री, मला न उठवता,
काचेच्या जमिनीची खोली घेतली, दहा रात्री,
पैसे परत न मिळण्याच्या अटीवर.
प्रसंगाच्या रकान्यात काय लिहिलं ते विचारलं,
तर पाणी प्यायला उठले.

काल बॅगा भरल्या.
माझा जन्मातला पहिला पोहायचा पोशाख, काळा, गुडघ्यापर्यंत,
किमतीची चिठ्ठी अजून तशीच.
मोज्यात गुंडाळलेलं त्यांचं पाणी मोजायचं मीटर.
काट्यावर साडेचौदा भरलं.
मी फडताळाकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं,
आणि स्वतः उठून
लोणच्याची सगळ्यात लहान बाटली धुवायला घेतली,
प्लांटच्या पाण्याने,
वाया जाऊ नये म्हणून नळ अगदी बारीक सोडून.